खांबावरचा रेडिओ सारखा रिस्टार्ट होतोय? व्होल्टेज वर जाऊन मोजा

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडे बागेतले कॅमेरे, पॅकहाउसमधलं वायफाय आणि मळ्यातल्या घराचं इंटरनेट बऱ्याच ठिकाणी एका वायरलेस रेडिओच्या जिवावर चालतं. रेडिओ घरापासून साठ-नव्वद मीटरवर, पाण्याच्या टाकीवर नाहीतर लोखंडी पाइपच्या खांबावर असतो आणि त्याला वीज जाते ती डेटाच्याच केबलमधून. तो अधूनमधून बंद पडायला लागला की आधी सिग्नलवर संशय, मग समोर वाढलेल्या झाडावर, मग इंटरनेटवाल्यावर. विजेकडे कुणी बघत नाही, कारण खाली ॲडॅप्टरचा दिवा छान पेटलेला असतो आणि मीटर लावला तर २४ व्होल्टही दिसतात.

ते २४ व्होल्ट खालचे आहेत. रेडिओपर्यंत किती पोचतात हे वर, रेडिओ चालू असताना आणि त्याच्यावर काम पडलेलं असतानाच कळतं.

आधी वीजच आहे ना, ते ठरवा

रेडिओमध्ये लॉगिन करून अपटाइम, म्हणजे तो सलग किती वेळ चालू आहे ते, बघा. जोडणी तुटली पण अपटाइम दिवसांमध्ये चालू आहे, तर रेडिओ बंद पडलेला नाही. तिथे सिग्नल, चॅनेल किंवा डेटाच्या जोड्या तपासा. अपटाइम दर वेळी शून्यापासून सुरू होत असेल तर रेडिओ खरोखर रिस्टार्ट होतोय. तरी लगेच खांबावर चढू नका. बऱ्याच रेडिओंत ‘पिंग वॉचडॉग’ नावाची सोय असते: ठरावीक पत्त्याकडून उत्तर आलं नाही की रेडिओ स्वतःहून रिस्टार्ट होतो. ती एक दिवस बंद ठेवून बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं नाही, पण ज्या मिटतात त्यात एक चढण वाचते.

वॉचडॉग बंद करूनही रिस्टार्ट होत असेल, तर कधी होतो ते लिहून ठेवा. भरपूर डेटा चालू झाला की पडतो, तर केबलमध्ये व्होल्टेज बसतंय, म्हणजे वाटेतच घटतंय. चालू होता होता मध्येच पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तर तेच, फक्त जास्त बिघडलेलं. एप्रिल-मेच्या दुपारी पडतो आणि रात्री बरा चालतो, तर केबल आधीच काठावर आहे आणि उन्हाने तिला ढकललंय. विहिरीवरची मोटार सुरू झाली की पडतो, तर दोष बहुधा मुख्य पुरवठ्यात. पावसानंतर सुरू झालं असेल तर वरचा प्लग उघडून बघायचाच आहे.

मायक्रोटिकच्या काही रेडिओंत सिस्टीममधल्या ‘हेल्थ’ या पानावर रेडिओला मिळणारं व्होल्टेज दिसतं. तसं असेल तर निम्मं काम खुर्चीत बसून होतं.

केबल किती व्होल्ट खाते

रेडिओच्या मागची पट्टी वाचून दोन गोष्टी लिहून घ्या: व्होल्टेजची मर्यादा आणि जास्तीत जास्त वॅट. डेटाच्या केबलमधून वीज देण्याला पीओई म्हणतात. इथे २४ व्होल्टची पॅसिव्ह पीओई, म्हणजे पलीकडे काय आहे हे न तपासता सरळ वीज सोडणारी, धरून चालू. तिच्यात वीज निळ्या आणि तपकिरी जोडीतून जाते. निळा आणि पांढरा-निळा, म्हणजे ४ आणि ५ नंबरच्या पिना, धन. पांढरा-तपकिरी आणि तपकिरी, म्हणजे ७ आणि ८, ऋण. प्लग ‘ए’ पद्धतीने भरा की ‘बी’ पद्धतीने, या चार रंगांची जागा बदलत नाही. १०० एमबीपीएसचा डेटा नारिंगी आणि हिरव्या जोडीतून जातो. त्यामुळे केबल टेस्टरवर डेटाच्या जोड्या ठणठणीत आणि विजेची जोडी मेलेली, असं सर्रास होतं.

चांगल्या तांब्याच्या कॅट-५ई केबलमध्ये एका तारेचा रोध १०० मीटरला जास्तीत जास्त ९.४ ओहम धरतात. जायला दोन तारा समांतर, यायला दोन तारा समांतर, म्हणून जाण्या-येण्याचा मिळून रोधही तेवढाच: १०० मीटरला ९.४ ओहम. बाजारात स्वस्तात मिळणारी केबल मात्र बऱ्याचदा सीसीए असते, आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. तिचा रोध दीडपटीहून जास्त. हिशेबाला १.६ पट धरा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे. बल्बला व्होल्टेज कमी मिळालं की तो मंद होतो आणि करंटही कमी घेतो. रेडिओ तसा नाही. त्याच्या आत स्विचिंग सर्किट असतं आणि त्याला ठरलेले वॅट लागतातच. व्होल्टेज घटलं की तो जास्त करंट ओढतो, जास्त करंटने केबलमध्ये आणखी व्होल्टेज बसतं, मग तो आणखी ओढतो. एका मर्यादेपर्यंत हे कुठेतरी स्थिर होतं. त्या पुढे एकदम कोसळतं.

८ वॅटचा रेडिओ आणि ९० मीटर केबल घ्या. तांब्याची असेल तर रोध साधारण ८.४ ओहम आणि वर पोचतात २०.८ व्होल्ट. ठीक. सीसीए असेल तर रोध १३.५ ओहम आणि वर १८ व्होल्ट. रेडिओ अजून चालेल आणि बसवणारा समाधानाने घरी जाईल. वर्षभरात प्लगच्या पिना गंजल्या आणि ४ ओहम वाढले, की वरचं व्होल्टेज १८ वरून १४ वर येतं आणि करंट ०.५७ अँपिअर होतो. ॲडॅप्टर ०.५ अँपिअरचा असेल तर तो त्याआधीच हात वर करतो. १८ ओहमपलीकडे तर २४ व्होल्टमधून ८ वॅट वर पोचूच शकत नाहीत, ॲडॅप्टर कितीही मोठा लावा.

तुमच्या आकड्यांसाठी हिशेब असा. पुरवठ्याच्या व्होल्टेजचा वर्ग करा. त्यातून ४ गुणिले वॅट गुणिले ओहम वजा करा. उरलेल्याचं वर्गमूळ काढा, त्यात पुरवठ्याचं व्होल्टेज मिळवा आणि दोनाने भागा. वजाबाकी ऋण आली तर ती जोडणी चालणारच नाही.

उन्हाचाही हिशेब इथेच बसतो. पत्र्यावरून गेलेली काळी केबल दुपारी ६० अंशांपर्यंत तापली, तर २० अंशांच्या तुलनेत तिचा रोध सुमारे १६ टक्के वाढतो. वरच्या उदाहरणात १८ व्होल्टचे १६.४ होतात. ॲडॅप्टर जुना होऊन २४ ऐवजी २२ द्यायला लागला, तर १८ चे १४.६. खाली दोन गेले, वर साडेतीन.

मोजायची तार बनवा

अर्धा मीटर चांगली केबल घ्या. एका टोकाला आरजे-४५ प्लग, दुसऱ्या टोकाला कपलर किंवा कीस्टोन जॅक बसवा. मधोमध वरचं आवरण पाच-सहा सेंटिमीटर सोला. निळ्या जोडीच्या दोन्ही तारांचं पाच मिलिमीटर इन्सुलेशन ब्लेडने हलकेच काढा, तार कापू नका. तपकिरी जोडीचं तसंच करा, पण उघडा भाग दोन सेंटिमीटर पुढे ठेवा, म्हणजे चुकून एकमेकींना चिकटणार नाहीत. कपलरमधून आठही तारा सरळ जातात याची मीटरने खात्री करून घ्या. शंभर-दीडशे रुपयांत होणारी ही तार पिशवीत कायम असावी.

वर गेल्यावर क्रम असा ठेवा. खालचा ॲडॅप्टर बंद करायला सांगा. रेडिओचा प्लग काढून मध्ये ही तार घाला. ॲडॅप्टर चालू करून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक निळ्यावर, काळं तपकिरीवर. चालू होताना आकडा कसा हलतो ते बघा. पूर्ण चालू झाल्यावर खालच्याला स्पीड टेस्ट किंवा मोठी फाइल लावायला सांगा आणि सर्वांत खाली गेलेला आकडा लिहा. मीटरला ‘मिन-मॅक्स’ असेल तर तो वापरा, क्षणभराची घसरण डोळ्याला दिसत नाही.

२४ व्होल्टच्या रेडिओला कामात असताना २० च्या वर मिळत असेल तर वीज बरी आहे, दुसरीकडे शोधा. १७ ते २० म्हणजे आज चालतोय, मे महिन्यात किंवा प्लग गंजल्यावर फोन येईल. १६ च्या खाली असेल तर पट्टीवर काहीही मर्यादा लिहिलेली असो, केबल नाहीतर पुरवठा बदलायला घ्या. आकडा १८ वर स्थिर राहून अचानक शून्याकडे जाऊन परत येत असेल, तर ॲडॅप्टर ओव्हरलोड होऊन स्वतःला तोडतोय.

स्वीच ८०२.३एएफ या प्रमाणित पीओई प्रकारचा असेल तर उघड्या केबलवर मीटर लावून काही कळणार नाही. पलीकडे योग्य उपकरण आहे याची खात्री पटल्याशिवाय तो पूर्ण व्होल्टेज सोडतच नाही, नुसते काही व्होल्ट उडताना दिसतात. त्यावरून ‘पोर्ट मेला’ असं ठरवू नका. उपकरण जोडलेलं ठेवूनच मोजा. तिथे वरच्या टोकाला किमान ३७ व्होल्ट हवेत, आणि वीज निळ्या-तपकिरीऐवजी नारिंगी-हिरव्या जोडीवरही असू शकते.

खांबाजवळून महावितरणची तार जात असेल, पाइप ओला असेल किंवा ढग गडगडत असतील तर हे सगळं दुसऱ्या दिवशी.

केबल दोषी की प्लग

दोन्ही टोकं सुटी करा. वर निळा आणि पांढरा-निळा एकमेकांना पिळा, खाली त्याच दोघांत ओहम मोजा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध, टोकं एकमेकांना लावून दिसतो तो, वजा करा. ९० मीटर तांब्याला १७ च्या आत यायला हवं. २७ च्या आसपास आलं तर सीसीए. मग तपकिरी जोडीचं तसंच. दोन्ही जोड्या सारख्या असतील तर विजेच्या वाटेचा रोध याच्या निम्मा. एक जोडी सोळा आणि दुसरी तेवीस आली तर केबल बरी आहे, मध्ये कुठेतरी सांधा किंवा चेपलेली जागा आहे.

चारपैकी एकच तार तुटली तर काय होतं बघा. त्या बाजूचा रोध दुप्पट होतो, एकूण दीडपट. ९० मीटर तांब्यावर तरीही वर १८.६ व्होल्ट पोचतात, रेडिओ चालत राहतो. सीसीएवर २० ओहम होतात आणि रेडिओ कधीच उठत नाही. स्वस्त केबलीत वाचवलेले पैसे अशा वेळी खांबावर चढायच्या मजुरीत जातात.

तारेवरून केबल ओळखायची तर चाकूने खरवडा. आतून पांढरी निघाली की सीसीए. पण बारीक तांब्याची केबलही फसवते, तिथे खरवडून काही कळत नाही. म्हणून पेटी घेताना दुकानातच मोजा. ३०५ मीटरच्या पेटीची दोन्ही टोकं बाहेर काढता येतात. एका टोकाला एक जोडी पिळा, दुसऱ्या टोकाला मीटर लावा. ५७ ओहमपर्यंत आलं तर घ्या, ऐंशीच्या वर आलं तर पेटी परत ठेवा. नाशिकच्या एम. जी. रोडवरचा दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

प्लगचं बघायचं तर वरचा प्लग भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून बघा. पाणी शिरलेल्या प्लगमध्ये ४ आणि ५ नंबरच्या पिना आधी हिरव्या होतात, ७ आणि ८ मात्र बऱ्यापैकी चकचकीत. कारण ओलाव्यातून डीसी वाहिलं की धन बाजूचं तांबं विरघळतं. हिरवा रंग फक्त त्या दोन पिनांवर दिसला की पाणी आत आलंय हे नक्की. असा प्लग पुसून परत लावू नका, कापा. शिवाय केबलही अर्धा मीटर मागे कापा. ओलावा आवरणाच्या आतून वर चढलेला असतो आणि काळी पडलेली तार नव्या प्लगमध्येही रोध देते. रेडिओच्या जॅकमध्ये हिरवं दिसलं तर इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवा. पिना खाल्लेल्या असतील तर जॅक बदलणं हाच उपाय.

द्राक्षपट्ट्यात यात आणखी एक भर असते. बागेत गंधक आणि बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या वर्षातून कितीतरी वेळा होतात. ब्लोअरचा फवारा खांबावरच्या रेडिओवरही बसतो. गंधकाने तांबं काळवंडतं, बोर्डोतल्या मोरचुदाच्या पाण्यात वीज सहज वाहते. त्यामुळे बागेच्या आतला रेडिओ असेल तर ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या सुरू होण्याआधी प्लग झाकलेला आहे ना, एकदा बघून घ्या. प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस, वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटणारी) टेप ताणून खालून वर गुंडाळलेली, आणि रेडिओत शिरण्याआधी केबलला खाली लोंबती वाकण, म्हणजे पाणी तिथे निथळेल. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात ही वाकण नसेल तर टेपच्या चार थरांचाही उपयोग नाही. घरातली करडी केबल बाहेर वापरू नका, उन्हाने तिचं आवरण तडकतं.

मध्ये सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा डबा) असेल तर तो काढून, सरळ जोडून एकदा मोजा. वीज कडाडून गेल्यावर प्रोटेक्टर अर्धवट शॉर्ट होतो आणि गुपचूप करंट खात बसतो.

ॲडॅप्टर आणि भिंतीतला सॉकेट

ॲडॅप्टर रिकामा मोजून काही सिद्ध होत नाही. ५६ ओहम, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर २४ व्होल्टवर ०.४३ अँपिअर घेतो. तो जोडून दहा मिनिटं ठेवा. हात लावू नका, चटका बसतो. रेझिस्टर नसेल तर ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात २४ व्होल्ट, ५ वॅटचे बल्ब मिळतात, दोन समांतर लावा. थंड बल्ब सुरुवातीला जास्त ओढतो, त्यामुळे एखादा ॲडॅप्टर पहिल्या क्षणी लुकलुकेल. तेवढ्यावरून त्याला नापास करू नका. दहा मिनिटांनी २३ च्या खाली आला तर मात्र बदला.

व्होल्टेज बरोबर पण रेडिओ तरी पडतो, तर ॲडॅप्टरमधला कपॅसिटर सुकलाय का बघा. लोड लावून मीटर एसीवर ठेवा, मीटरच्या एका वायरीत मध्ये १ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घालून. तो नसेल तर स्वस्त मीटर डीसीलाच फसून पन्नासच्या आसपास आकडा दाखवतो. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ॲडॅप्टरचे दिवस भरले.

सॉकेटला २३० व्होल्ट, सहा टक्के कमी-जास्त, म्हणजे २१६ ते २४४ मिळायला हवेत. मळ्यात संध्याकाळी ते कुठवर उतरतं हे ज्याचं त्याला माहीत. इनपुट १०० ते २४० लिहिलेल्या ॲडॅप्टरला १६० व्होल्टचंही फारसं काही वाटत नाही. १८० पासून सुरू होणाऱ्याला वाटतं. मोटार सुरू होताना रेडिओ पडत असेल तर आधी त्या सॉकेटची लाइन मोटारीच्या लाइनपासून वेगळी करा, मग २४ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. सॉकेटला कधी १५० आणि कधी ३०० दिसत असेल तर न्यूट्रल सैल आहे. घरातलं सगळं बंद करा आणि वायरमनला बोलवा, रेडिओचं नंतर.

दुरुस्ती कुठून सुरू करावी

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ॲडॅप्टर रेडिओजवळ नेणं. खांबाजवळ पंपघर असेल तर तिथून वीज द्या, घरून फक्त डेटा न्या.

तसं नसेल तर वीज वेगळ्या तारेने न्या. बोअरच्या मोटारीची चपटी केबल, २.५ चौरस मिलिमीटरची, गावात कुठेही मिळते आणि ऊन-पाणी सहन करते. तिचा रोध किलोमीटरला ८ ओहमच्या आसपास. ९० मीटर जाऊन यायला दीड ओहमही नाही, अर्धा व्होल्टच बसतो. इंजेक्टर, म्हणजे डेटाच्या केबलमध्ये वीज घालणारा तुकडा, खांबावर, पाणी न शिरणाऱ्या डब्यात ठेवा. २३० व्होल्ट वर नेण्यापेक्षा २४ व्होल्ट डीसी नेलेलं बरं, ओल्या खांबावर हात लावायचा असतो.

तिसरा उपाय व्होल्टेज वाढवण्याचा. खाली ८०२.३एएफ इंजेक्टर, वर रेडिओच्या पायाशी एएफमधून २४ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर. अशा इंजेक्टरच्या ५२ व्होल्टवर तोच रेडिओ निम्म्याहून कमी करंट घेतो आणि त्याच १३.५ ओहमच्या केबलवर फक्त अडीच व्होल्ट बसतात. पट्टीवर ३० व्होल्टपर्यंत मर्यादा असेल तर २८ चा ॲडॅप्टरही चालेल. पण ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर २४ च्या रेडिओला जोडला की तो रेडिओ गेला. प्लग दोन्हीकडे सारखाच बसतो, म्हणून इंजेक्टरवर जाड मार्करने आकडा लिहून ठेवा.

सोलरवर असेल तर ८ वॅट २४ तासांना १९२ वॅट-तास, कन्व्हर्टरची गळती धरून सव्वादोनशे. १२ व्होल्टच्या बॅटरीतून रोज सुमारे १९ अँपिअर-तास. दोन दिवस ढगाळ आणि बॅटरी अर्ध्याखाली न्यायची नाही, तर ८० अँपिअर-तासांची हवी. पावसाळ्यात दोनच तास चांगलं ऊन धरलं तर पॅनेल १६० वॅटचं. बॅटरी ते बूस्ट कन्व्हर्टर (१२ चे २४ व्होल्ट करणारा) ही तार आखूड आणि जाड ठेवा, १२ व्होल्टवर करंट दुप्पट असतो आणि एरवी चालणारी तार तिथे बारीक पडते.

दुरुस्ती झाल्यावर भर दुपारी स्पीड टेस्ट चालू ठेवून अर्धा तास वरचं व्होल्टेज बघा. सर्वांत खालचा आकडा, तारीख आणि केबलचा जोडी-रोध डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. पुढच्या वेळी वर चढणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.